चौथ्या पिढीचं मशीन

चहा येईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. आमच्या यार्डात ती सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे आज ना उद्या तुमच्याही कानावर येणारच. मग ती माझ्याच तोंडून आलेली बरी. निदान सांगताना मी स्वतःला थोडं सांभाळून घेईन. बघू, जमतं का.

तर मी सबनीस. पनवेलला राहतो. पळस्पे फाट्यावरून उरणकडे जाताना जी कंटेनर यार्डं लागतात, त्यातल्या एकात कॉम्प्युटरचं सगळं बघतो. बावीस वर्षं मी एकटाच बघत होतो. मालक मोकलशेठ. त्यांच्या वडिलांची तिथे भातशेती होती, आता त्या जागेवर कंटेनर उभे असतात. शेठ माणूस हुशार, पण कॉम्प्युटर म्हटला की दोन्ही हात वर. त्यामुळे त्या बाबतीत मी म्हणेन ती पूर्व दिशा.

आमचा सर्व्हर गेटजवळच्या खोलीत, लोखंडी कपाटात होता. गेटचं सगळं त्याच्यावर चालायचं. ट्रक आला की गाडीचा नंबर, कंटेनरचा नंबर टाकायचा, गेट पास निघायचा, मग आडवा दांडा वर. सर्व्हर बंद पडला तर दांडा खालीच. तो सर्व्हर कधी तापायचा, कधी रुसायचा, आणि त्याची समजूत कशी घालायची हे फक्त मला माहीत. एकदा मेहुण्याच्या लग्नात मी जेवायला बसलो होतो. शेठनी गाडी पाठवून मला पानावरून उठवून नेलं. बायको चिडली. मीही वरवर चिडलो. आतून मात्र छाती अशी फुगली होती म्हणता! खोटं कशाला बोलू?

मग नयना आली.

नयना घरत, चिरनेरची. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. क्लाउडची कुठलीशी अवघड परीक्षा पास झालेली. क्लाउड म्हणजे आकाशात काही नसतं बरं का. एखाद्या मोठ्या कंपनीच्या जागेत हजारो मशीनं असतात, त्यातली जागा आपण भाड्यानं घ्यायची. इथे पनवेलला बसून निवडायचं, मला एवढं मोठं मशीन हवं, त्याला अशी डिस्क हवी. बटण दाबलं की मशीन सुरू. हात लावायला काही नाही, थोपटायला काही नाही. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आता सांगा, ज्याची सगळी प्रतिष्ठा कपाट उघडण्यावर उभी आहे, त्याला हे आवडेल?

पण मला खरा त्रास क्लाउडचा नव्हता. त्रास नयनाचा होता.

पहिल्याच महिन्यात शेठ तिला 'नयनाताई' म्हणायला लागले. मुलीच्या वयाची पोरगी, ती नयनाताई. मी बावीस वर्षं 'सबनीस'. तिचं सर्टिफिकेट त्यांनी स्वतः काचेची फ्रेम करून आणलं आणि स्वतःच्या हातानं भिंतीत खिळा ठोकून लावलं. माझा डिप्लोमा घरी माळ्यावर आहे, सुटकेसमध्ये, बायकोच्या जुन्या शालूखाली.

ती कीबोर्डकडे न बघता टाइप करायची. मी पण तसं करून बघितलं. शेठना मी एक मेल पाठवला, तो त्यांनी परत पाठवून विचारलं की ही कुठली भाषा आहे.

जानेवारीत तिनं पोपटी आणली. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात घालून रचून भाजलेलं. अख्खं यार्ड जेवलं. एक डबा माझ्या घरी पाठवला. बायकोनं, सुजातानं, पहिली शेंग तोंडात घातली आणि म्हणाली, "किती गुणी मुलगी आहे. तुम्ही एवढी वर्षं तिथे आहात, तुम्ही कधी काही नेलंत का हो कुणासाठी?"

म्हणजे घरातसुद्धा मला थारा राहिला नाही.

मी ठरवलं, आपणही क्लाउड शिकायचं. गुपचूप. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायचो. एकदा ती काचेवर टकटक करून म्हणाली, "सर, काही अडलं तर विचारा हां." मी म्हटलं, "क्रिकेट बघतोय." ती "बरं" म्हणून गेली. त्या क्षणाला विचारलं असतं तर हा किस्साच झाला नसता. पण तिला विचारायचं? मी?

शेवटी तो दिवस ठरला. यार्डाचं सगळं क्लाउडवर न्यायचं. त्यात दोन कामं होती. एक हिशेबखात्याचं, दुसरं गेटचं. नयना शेठना म्हणाली, "हिशेबाचं मी करते. गेटचं सबनीस सरांनी करावं. त्यांना गेटची खडान्‌खडा माहिती आहे." बघा, किती चांगलं बोलली. मला मात्र वाटलं, ही मला गेटवर उभं करतेय.

शनिवारपासून तिला रजा हवी होती, भावाची हळद होती. म्हणून तिनं आपलं काम शुक्रवारीच उरकलं. दहा मिनिटांत. मी घड्याळ लावून बघत होतो. बटण दाबलं, हिरवा ठिपका आला, हिशेबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, शेठनी पेढे मागवले. मलाही एक दिला. तो पेढा मी कसा गिळला, माझं मला माहीत.

पेढा गिळता गिळता माझी नजर तिच्या स्क्रीनवर गेली. तिनं जे मशीन निवडलं होतं, त्याच्या नावात चारचा आकडा होता. चौथी पिढी. सगळ्यात नवी, सगळ्यात वेगवान. व्हिडिओत मी पाहिलं होतं.

मग तिनं माझ्या हातात एक कागद दिला. गेटसाठी काय काय करायचं ते एकाखाली एक लिहिलेलं. जुन्या सर्व्हरवरचं सगळं तिनं आधीच क्लाउडवरच्या एका डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. शनिवारी दहाला गेट बंद करायचं, उरलेल्या नोंदी त्या डिस्कवर घ्यायच्या, मशीन निवडायचं, त्याला ती डिस्क जोडायची, बटण दाबायचं. बाराला गेट उघडायचं. आणि मशीन कुठलं निवडायचं? तेही लिहिलं होतं.

पहिल्या पिढीचं.

"हे असंच करायचं का?" मी विचारलं.

"हो सर, आहे तसंच करा. मी चालवून बघितलंय," ती म्हणाली, आणि पर्स घेऊन निघाली. भावाची हळद म्हटल्यावर तिचा पाय ठरत नव्हता.

मी कागद धरून उभा. स्वतःला चौथं, आणि मला पहिलं. हिशेबवाल्यांना चौथं, आणि ज्या गेटमुळे यार्ड चालतं, त्याला पहिलं. बावीस वर्षं काढलेल्या माणसाला म्हातारं मशीन. जेवताना सुजाताला सांगितलं तर ती म्हणाली, "तिनं काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल." मी आमटीत मीठ कमी आहे म्हणालो आणि विषय संपवला. आमटी चांगली होती.

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गेटवर इस्माईलभाई होते. गेटचे इन्चार्ज, आपट्याचे. माझ्याहून दोन वर्षं जुने. दहाच्या ठोक्याला त्यांनी दांडा खाली घेतला.

"साहेब, बारा म्हणजे बाराच ना?" ते म्हणाले. "कोळंबीचे दोन कंटेनर येतायत. थंडगार माल आहे. चारच्या आत बंदरात पोचले नाहीत तर जहाज निघून जाईल. फिर अल्ला मालिक."

"इस्माईलभाई, अकरालाच उघडतो," मी म्हटलं.

नोंदी डिस्कवर गेल्या. छान. मग मी जुना सर्व्हर बंद केला. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, नवं सुरू होईपर्यंत जुनं बंद करू नये. पण मला वाटलं, निरोप घ्यायचा तर नीट घ्यावा. गेटवरच्या देवाच्या फोटोचा हार काढून त्याला घातला, नमस्कार केला आणि स्विच बंद केला. बावीस वर्षांत मी त्याला एवढ्या शांतपणे बंद झालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याचं कारण मला नंतर कळलं. तो कायमचाच गेला होता.

आता मशीन निवडायचं. यादीवर यादी. पहिल्या पिढीचं दिसलं. माझं बोट तिथे थांबलं, क्षणभर. मग खाली सरकलं आणि चौथ्यावर गेलं. चौथ्यातही तिच्याहून एक आकार मोठं. रजेवरून ती येईल, बघेल, काही बोलणार नाही, पण तिला कळेल. एवढ्या एका दृश्यासाठी मी ते मशीन निवडलं, हे मी आज कबूल करतो.

डिस्क जोडली. बटण दाबलं.

हिरवा ठिपका नाही. लाल पट्टी. इंग्रजीत एक लांबलचक वाक्य. मी वाचायला लागलो. अमुक अमुक डिस्क, 'कॅनॉट बी यूज्ड बाय'…

म्हणजे, ही डिस्क वापरता येणार नाही. कुणाला?

तुम्ही म्हणाल, पुढचं वाच ना बाबा. पण मला पुढचं वाचायची गरजच वाटली नाही. कुणाला वापरता येणार नाही हे मला माहीत होतं. मला. सबनीसला. डिस्क तिनं बनवलेली, तिनंच मला त्या डिस्कपासून तोडून ठेवलं होतं. रिकामी जागा मी माझ्या नावानं भरून टाकली.

तरी परत बटण दाबलं. परत लाल. आणखी मोठं मशीन घेतलं. लाल. त्याहून मोठं घेतलं. लाल. दर वेळी तेच वाक्य, आणि दर वेळी मी तेवढंच अर्धं वाचत होतो. जितकं लाल येई तितकी माझी खात्री पक्की होई.

साडेअकरा झाले. इस्माईलभाईंनी दारातून डोकं आत घातलं. "साहेब, रांग फाट्याकडे सरकतेय."

"होतंय, होतंय."

बारा झाले. कोळंबी आली. गाड्यांच्या फ्रीजची मशीनं घूं घूं करत गेटबाहेर उभी. ड्रायव्हर लोक खाली उतरून काचेतून माझ्याकडे बघायला लागले.

"साहेब, नवं होईपर्यंत जुनंच चालू करा ना," इस्माईलभाई म्हणाले.

सल्ला शहाण्याचा होता. मी हार काढला आणि स्विच दाबला. सर्व्हरनं एक बारीक शिट्टी मारली आणि गप्प झाला. परत दाबला. परत शिट्टी. मग शिट्टी पण नाही.

नयनाला फोन करावा असं मनात आलं. आलं आणि गेलं. जिनं अडवलं तिलाच हात जोडायचे? त्यापेक्षा पुरावा करू. मी त्या लाल पट्टीचा फोटो काढला आणि शेठना मेल लिहायला बसलो. न बघता टाइप केलं नाही, चांगलं बघून, एकेक शब्द निवडून केलं. की गेटची डिस्क हेतुपुरस्सर माझ्यापासून बंद ठेवण्यात आली आहे. की ज्येष्ठ कर्मचाऱ्याला अपयशी दाखवण्याचा हा प्रयत्न आहे. की नाव घ्यायची माझी इच्छा नाही, पण संबंधित व्यक्ती आज हळदीला गेली आहे. सोबत पुरावा जोडला आहे.

कुणाकुणाला पाठवावा? सगळ्यांनाच कळू दे. 'ऑल' नावाचा एक गट होता, तो निवडला आणि पाठवून दिला.

मनाला फार बरं वाटलं. पाच मिनिटं.

मग पहिलं उत्तर आलं. न्हाव्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं. 'सर, माझा या विषयाशी संबंध नाही, कृपया यादीतून नाव काढावे.' मग एका शिपिंग एजंटचं, हळद कुणाची आहे विचारत होता. त्या 'ऑल'मध्ये नुसतं ऑफिस नव्हतं हो. आमची सगळी गिऱ्हाइकं, सगळे ट्रान्सपोर्टवाले, झाडून सगळे होते. तो गट कोणी बनवला होता? मीच. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायला.

"सबनीस." शेठ केबिनच्या दारात उभे होते. "आत या."

मी आत गेलो. इस्माईलभाई पण मागोमाग आले, त्यांना कोळंबीचं उत्तर हवं होतं. शेठ खुर्चीत बसले नाहीत. रागावले की ते ऑफिसची भाषा सोडून घरची बोलतात.

"ह्ये काय लिवलंय तुमी? नयनानं डिस्क बंद केली?"

"पुरावा जोडलाय शेठ."

"मना त्यातलं काय कलतंय? थांबा. तिलाच इचारू."

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. मांडव दिसला. बेंजोचा आवाज एवढा, की टेबलावरची पेनं थरथरायला लागली. मग नयना दिसली. कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळी. ती धावत कुठल्याशा गोठ्यामागे गेली, तेव्हा कुठे ऐकू यायला लागलं.

"बोला शेठ. सर, झालं का गेट?"

शेठ माझ्याकडे वळले. "बोला. काय ते तोंडावर बोला."

आता माघार कशी घेणार? मी घसा साफ केला. "नयना, तू डिस्क माझ्यासाठी बंद केली आहेस. माझ्याकडे लेखी आहे."

ती गोंधळली. "मी? बंद? सर, काय दिसतंय तुम्हाला? वाचा ना जरा."

मी मेलची, लाल पट्टीच्या फोटोसकट, छापील प्रत काढली. हो, मी ती छापून घेतली होती. मोठ्यानं वाचलं. "धिस डिस्क कॅनॉट बी यूज्ड बाय."

"पुढं?"

"पुढं तेच."

"तेच म्हंजे काय? सर, पुढं वाचा."

मी पुढे वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यात माझं नाव कुठेही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, की या प्रकारची डिस्क चौथ्या पिढीच्या मशीनला वापरता येणार नाही. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, मदत म्हणून: जुन्या पिढीचं मशीन निवडावं, नाहीतर डिस्क बदलावी.

 फोनमधून बेंजो वाजत होता.

"सर," नयना हळूच म्हणाली, "तुमी चौथं घेतलंत काय?"

मी मान हलवली. मान हलवलेली व्हिडिओत दिसते, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

शेठनी विचारलं, "ह्ये काय हाय? मना समजेल असं सांगा कोनतरी."

नयनानं सांगितलं. गेटचं सगळं जुन्या सर्व्हरवरून आलंय, म्हणून ते जुन्या पद्धतीच्या डिस्कवर आहे. ती डिस्क नव्या पिढीच्या मशीनला चालतच नाही. हिशेबाचं सगळं नव्यानं उभं केलंय, म्हणून तिथे नवी डिस्क आणि नवं मशीन. "सरांसाठी मी मुद्दाम पहिलं शोधून ठेवलं होतं शेठ. तीनदा चालू करून बघितलं. सरांना तरास नको म्हनून."

"म्हंजे मिक्सर नवा आनला आन्‌ भांडं जुनं," शेठ म्हणाले. "बसनार कसं?"

"हा शेठ. तसंच."

इस्माईलभाई दारातून म्हणाले, "आमच्या घरी पण झालं हे. दुकानदारानं आधीच सांगितलेलं, पण बेगम ऐकेना."

शेठनी टेबलावरचा कागद उचलला. नयनाचा. माझ्या खिशातून तो मीच काढून ठेवला होता, पुरावा म्हणून. तो त्यांनी वाचला. "इथं पहिलं लिवलंय. बरोबर?"

"हो."

"मंग बदललं का?"

काय उत्तर द्यायचं होतं? वेगाचा मुद्दा काढता आला असता. भविष्याचा विचार, वाढती वाहतूक, असं काहीतरी. तीन वाक्यं मनात तयार पण झाली. पण फोनमधून ती पिवळी पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की कागदात कुठे चूक राहिली का.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचं चौथं होतं."

बावन्न वर्षांचा माणूस मी. माझ्या मुलीनं लहानपणी मावशीच्या घरी मोठ्या फुग्यासाठी असं म्हटलं होतं, तेव्हा मी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं.

शेठ हसतील असं वाटलं. हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी कागद नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "जा सबनीस. आदी गेट चालू करा."

"सर, फक्त पहिलं निवडा. बाकी काहीच बदलू नका," नयना म्हणाली. "मी फोनवर थांबते."

"नको, तू जा हळदीला."

"थांबते सर. दोन मिनिटांचं तर काम."

शेठचा मोबाइल घेऊन मी माझ्या टेबलाशी बसलो. पहिल्या पिढीचं मशीन निवडलं, डिस्क जोडली, बटण दाबलं. हिरवा ठिपका. खरंच दोन मिनिटं सुद्धा नाही लागली. गेटवर दांडा वर गेला, ड्रायव्हर लोकांनी हॉर्न वाजवले, आणि फोनमधून नयना म्हणाली, "झालं ना सर? चला, आता मी नाचायला मोकळी." फोन बंद.

कोळंबीला मी स्वतः गेट पास दिला. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. जाताना म्हणाला, "साहब, मेल में जो मैडम का लिखा था, वो मैडम को थैंक्यू बोलना." त्याच्या मालकानं मेल पुढे पाठवला होता, आणि गेट कुणाच्या सांगण्यानं उघडलं ते त्यानं काचेतून पाहिलं होतं.

कंटेनर चारच्या आत पोचले. इस्माईलभाईंनी तसा फोन आल्यावर मला येऊन सांगितलं. "शुक्र है," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. तो हात मला शेठच्या रागापेक्षा जड वाटला.

रविवारी मी माफीचा मेल लिहिला. परत 'ऑल'ला. कारण बदनामी सगळ्यांसमोर आणि माफी एकांतात, हे काही बरोबर नाही. सुजातानं तो वाचून दोन शब्द बदलले. 'गैरसमज झाला' असं मी लिहिलं होतं, तिथे तिनं 'चूक झाली' केलं. न्हाव्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं परत कळवलं की नाव अजून यादीतून काढलेलं नाही.

नयना मंगळवारी आली. नखं अजून पिवळी होती. मी सोमवारपासून एक भाषण पाठ करत होतो, ते तिला बघताच विसरलो. चहाचे दोन कप घेऊन तिच्या टेबलाशी जाऊन बसलो.

"नयना," मी म्हटलं, "सरळच सांगतो. मला तुझा हेवा वाटायचा. आल्यापासून. शेठ तुला ताई म्हणतात, ते सर्टिफिकेट, ती पोपटी, सगळ्याचाच. म्हणून मी असा वागलो. डोळ्यांवर झापडं लागली होती. तुझ्यावर नको ते आरोप केले, तेही चारचौघांत. माफ कर."

तिनं कप जवळ ओढला. मग म्हणाली, "सर, फोन ठेवल्यावर तुमचा मेल वाचला आणि मी रडले. मांडवात सगळे इचारायला लागले, काय झालं. सांगितलं, डोळ्यात हळद गेली."

मी माझा कप बाजूला ठेवला.

"पण फोनवर तुमी खरं बोललात ना, तिचं चौथं होतं म्हणून. ते आठवून राग गेला. शेठसमोर असं कोण बोलतं?" ती थोडी हसली. "आणि सर, एक सांगू? हेवा तर मला पण वाटतो. तुमचा."

मी ताठ बसलो.

तुम्हाला काय सांगू, गेल्या कित्येक महिन्यांत एवढं गोड वाक्य माझ्या कानावर पडलं नव्हतं. कशाचा वाटत असेल? बावीस वर्षांच्या अनुभवाचा? गेटच्या माहितीचा? अख्खं यार्ड मला ओळखतं त्याचा? एकेक गोष्ट डोळ्यांसमोरून गेली, आणि सगळ्याच मला पटल्या.

"माझा?" मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. "माझा कशाचा गं?"

"तुमी साडेपाचला घरी जाता ना, त्याचा," ती म्हणाली. अगदी मनापासून. "माझ्या मागे सगळे लागलेले असतात सर. शेठ, हिशेबवाले, कस्टमवाले. जेवताना फोन, हळदीत फोन. तुमाला कोनीच काय विचारत नाय. किती बरं असेल."

मी चहा संपवला. थंड झाला होता.

संध्याकाळी घरी गेलो. साडेपाचलाच निघालो होतो. सुजाता दार उघडताच म्हणाली, "काय म्हणाली नयना? केलं का माफ?"

"केलं," मी म्हटलं. "उलट म्हणाली, तिलाच माझा हेवा वाटतो."

"खरंच? कशाचा?"

मी चपला काढल्या, त्या नीट कोपऱ्यात लावल्या.

"अनुभवाचा," मी म्हटलं.